जांघेतली कळ आणि कमरेचं कडं

सहाव्या-सातव्या महिन्यात अनेकींची तक्रार सारखीच असते. रात्री कूस बदलताना जांघेत कळ येते. सलवार घालायला एक पाय उचलला, एसटीची उंच पायरी चढली, स्कूटरवर बसताना पाय पलीकडे टाकला की पुढचं हाड कुणीतरी ओढल्यासारखं दुखतं. घरात सांगितलं तर उत्तर ठरलेलं: ‘‘अगं, या दिवसांत एवढं दुखायचंच.’’ बाळाची वाढ, रक्तदाब, हिमोग्लोबिन ठीक असलं की तपासणीतही विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये. गरोदर स्त्रियांपैकी साधारण पाचांतल्या एकीला असा त्रास होतो आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ काही आहे.

कमरेखालची हाडं मिळून एक बंद कडं तयार होतं. मागे त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना नितंबाची हाडं. ही दोन हाडं पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली भेटतात आणि त्यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते. एरवी या पुढच्या सांध्यातलं अंतर जेमतेम चार-पाच मिलिमीटर. गरोदरपणात त्यात दोन-तीन मिलिमीटरची भर पडते, ती स्वाभाविक आहे. अंतर दहाच्या पुढे गेलं तर मात्र डॉक्टर ‘सांधा उकलला’ म्हणतात.

हे सैल होणं कशामुळे? १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकी शास्त्रज्ञाने गाभण प्राण्यांच्या रक्तातला द्रव गिनीपिगच्या माद्यांना टोचला, तेव्हा त्यांच्या या पुढच्या सांध्याचे अस्थिबंध सैल पडले. तो घटक म्हणजे रिलॅक्सिन. पुढे कित्येक वर्षं सगळा दोष या संप्रेरकाच्याच माथी मारला गेला. पण रक्तातलं रिलॅक्सिन पहिल्या तिमाहीच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, आणि बहुतेकींचं दुखणं सुरू होतं त्यानंतर. रिलॅक्सिन जास्त म्हणून दुखणं जास्त, असा सरळ हिशेबही अभ्यासांत जुळलेला नाही. म्हणजे सांधा सैल होणं ही निम्मीच गोष्ट झाली. त्या सैल सांध्याला स्नायू किती आवळून धरतात, ही उरलेली निम्मी. संप्रेरक आपल्या हातात नाही, स्नायू आहेत. फिजिओथेरपीचं सगळं काम इथे सुरू होतं.

याची एक साधी तपासणी आहे. बाई पाठीवर झोपते आणि गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचलते. पाय शिशासारखा जड वाटतो, कधी उचलतच नाही. मग फिजिओथेरपिस्ट दोन्ही हातांनी कमरेची हाडं बाजूंनी घट्ट दाबून धरते आणि म्हणते, ‘‘आता उचला बरं.’’ तोच पाय हलका होऊन वर येतो. पायात ताकद होतीच. कड्याला बाहेरून आधार मिळाला, एवढाच फरक. तो आधार आतून कसा द्यायचा, हे शिकणं म्हणजे उपचार.

त्यासाठी पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू कामाला लावायचे असतात. श्वास सोडत तळाचे स्नायू वर ओढून धरायचे. गुडघ्यांमध्ये उशी ठेवून ती हलकेच दाबायची, पाच सेकंदांनी सोडायची. पट्टाही उपयोगी पडतो, पण तो पोटावर बांधायचा नसतो, कमरेच्या हाडांभोवती बांधायचा. शिवाय रोजच्या हालचालीही बदलाव्या लागतात. कपडे बसून घालायचे, जिना एकेक पायरी चढायचा, अंथरुणातून उठताना दोन्ही गुडघे जुळवून आख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं. कारण एका पायावर भार आला की कड्याचा एक भाग वर आणि दुसरा खाली सरकू पाहतो, आणि तो ताण नेमका पुढच्या सांध्यावर येतो.

आपल्याकडच्या दोन सल्ल्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं’ हा एक, आणि गर्भसंस्काराच्या वर्गांत सरसकट करून घेतलं जाणारं फुलपाखरासन हा दुसरा. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी जरूर करावं. पण जिचा पुढचा सांधा आधीच दुखतोय, तिचे गुडघे आणखी फाकवणं म्हणजे दुखऱ्या जागेवरच ओढ देणं. पोहणं चांगलं, पण बेडकासारखे पाय मारणं टाळावं.

या उपचारांना पुरावा आहे का? २००५ साली स्वीडनमध्ये ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना खास व्यायामांची जोड दिली तेव्हा दुखणं जास्त कमी झालं. अ‍ॅक्युपंक्चरचा परिणाम तर त्याहूनही चांगला दिसला. मात्र सगळ्यांना एकाच वेळी तेच व्यायाम देऊन फारसं साधत नाही. तपासून, त्या बाईपुरता बेतलेला व्यायाम हवा.

जांघेतली प्रत्येक कळ या सांध्याचीच असते असंही नाही. खोकताना किंवा पटकन उठताना क्षणभर येणारी चमक बहुतेक वेळा गर्भाशयाच्या ताणलेल्या अस्थिबंधाची असते. शेवटच्या तिमाहीत खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ होण्याच्या एका दुर्मीळ विकारातही जांघेतच दुखतं. रक्त किंवा पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, पोटरी सुजून दुखणं, लघवीवरचा ताबा सुटणं, अचानक पाय टेकताच न येणं, यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टरांकडेच जावं.

केवळ या दुखण्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही. मात्र प्रसूतीआधी पाठीवर झोपून, दुखेपर्यंत गुडघे किती फाकतात ते टेपने मोजून घ्यावं आणि तो आकडा फाइलवर लिहायला सांगावं. कारण पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलेलं असताना कळ जाणवत नाही आणि पाय मर्यादेपलीकडे ताणले जाऊ शकतात. कुशीवर किंवा हातापायांवर ओणवं राहून बाळंतपण करता येईल का, हेही आधीच विचारून ठेवावं.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं तीनेक महिन्यांत जातं. ज्यांचं जात नाही, त्यांनी ‘सव्वा महिना झाला, आता सोसायचं’ म्हणून गप्प बसू नये. नॉर्वेत २००४ साली अशा ८१ जणींना दोन गटांत विभागून वीस आठवडे उपचार दिले गेले. ज्या गटाला स्नायूंना आधार द्यायला शिकवणारे व्यायाम मिळाले, त्यांचा त्रास बराच जास्त कमी झाला, आणि दोन वर्षांनंतरही तो फायदा टिकून होता.