बारीक केसांची लांबी टोकांशी जपायची

केसांची निगा : लेखांक ५

मागच्या लेखांकात टाळूविषयी बोललो. आज मुळाकडून टोकाकडे जायचं आहे. केस लांब आहेत, पण एकेक केस अगदी बारीक आणि वेणी खाली येता येता निमुळती होत जाते, अशी तक्रार कांजूरमार्ग-भांडुप-विक्रोळीच्या पट्ट्यात घरोघरी ऐकू येते. त्यावर सहसा मिळणारा सल्ला एकच, ‘केस वाढायला काहीतरी लाव.’ माझं म्हणणं वेगळं आहे. केस वाढतच असतात. लांबी कमी पडते ती खालून तुटत गेल्यामुळे. म्हणून अशा केसांची निगा म्हणजे मुख्यतः झीज थांबवणं.

आधी ओळख

केस बारीक असणं आणि केस विरळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी. एका केसाची जाडी किती, हा पहिला प्रश्न. टाळूवर केस किती, हा दुसरा. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. बारीक केसांच्या व्यक्तीकडेही ते भरपूर असू शकतात, तरी वेणी हातात भरत नाही.

ओळखायची सोपी रीत सांगते. गळालेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच फिरवा. स्पष्ट जाणवला तर जाड, जेमतेम जाणवला तर मध्यम आणि बोटांत काही आहे असं वाटतच नसेल तर बारीक.

डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते. यात एक साधं गणित दडलेलं आहे. जाडी निम्मी झाली की छेदाचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं आणि ताण सोसण्याची ताकदही जवळपास तेवढीच उरते. जाड केसांची बहीण ज्या कंगव्याने, ज्या झटक्याने केस विंचरते, त्याच झटक्याला बारीक केस तुटतो. घरातल्या दोघींची निगा सारखी असून चालत नाही, ती यासाठी.

टोकांचं वय

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून ६० सेंटिमीटरवर असलेलं टोक पाच वर्षांचं झालेलं असतं. पाच पावसाळे, शेकडो न्हाणी, रोजचं विंचरणं आणि लग्नसराईतली इस्त्री हे सगळं त्याने सोसलेलं असतं. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. ते आतल्या गाभ्याचं रक्षण करतात. ते झिजले की गाभा उघडा पडतो, केसाला फाटे फुटतात आणि तो तुटतो. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे झालेली झीज तो स्वतः भरून काढू शकत नाही. ‘दुरुस्ती’ करणारी बाटली फार तर पापुद्रे तात्पुरते चिकटवून ठेवते.

प्रत्येक केसाच्या वाढीचा काळही ठरलेला असतो. बहुतेकांत तो दोन ते सहा वर्षांचा. मग केस काही महिने थांबतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. लांब केस गळाला की मोठा दिसतो आणि मन घाबरतं, पण संख्या तेवढीच असते. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. तुटलेला तुकडा आखूड असतो आणि त्याला गाठ नसते. कंगव्यात आखूड तुकडे जास्त दिसत असतील, तर प्रश्न मुळाचा नाही, हाताळणीचा आहे.

खोबरेल तेल नेमकं काय करतं

या विषयावरचं जगभर उल्लेखलं जाणारं काम मुंबईतलंच आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना आणि विंचरताना त्यातलं प्रथिन किती निघून जातं, हे त्यांनी मोजलं. तिन्हींपैकी फक्त खोबरेल तेलाने ही घट ठळकपणे कमी केली. त्याआधी २००१ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संशोधकांबरोबर झालेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, खनिज तेल शिरत नाही, असं दिसलं होतं. कारण रेणूच्या रचनेत आहे. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि लहान असते, केसाच्या प्रथिनाशी तिचं जुळतं. पाण्यात केस फुगतो आणि वाळताना आकसतो. वारंवार असं झालं की पापुद्रे उचकटतात. आत शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं.

ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. तेलाने केस जाड होतात किंवा नवे उगवतात, असं या अभ्यासांनी म्हटलेलं नाही. तेलाचं काम धुण्याआधी संरक्षण देण्याचं. म्हणून बारीक केसांना न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी चमचाभर तेल कानाखालच्या लांबीला आणि टोकांना लावा. धुतल्यावर पुन्हा चोपडू नका. बारीक केस तेलाच्या वजनाने लगेच चप्प बसतात आणि त्यावर धूळ चिकटते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी आणि न्हाणं

वैतरणेच्या धरणांचं पाणी आपल्या शेजारच्या भांडुप संकुलात शुद्ध होऊन मुंबईला मिळतं. धरणाचं हे पाणी मऊ असतं, केसांना सोसतं. अडचण टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याची. खाडी आणि मिठागरांच्या बाजूला जमिनीखालचं पाणी खारट वा जड असू शकतं. साबणाला फेस कमी येत असेल, बादलीवर पांढरे डाग पडत असतील, तर निदान शेवटचे दोन तांबे पालिकेच्या नळाच्या पाण्याचे ओता.

मुंबईच्या दमट हवेत बारीक केस लवकर तेलकट होतात. आठवड्यातून दोन-तीनदा धुतल्याने बिघडत नाही. शॅम्पू मगभर पाण्यात मिसळून फक्त टाळूला लावा, वाहून येणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर उलट कानाखालीच, टाळूला नको. शिकेकाई वापरायची असेल तर तिचा काढा उकळून पातळ कापडातून गाळून घ्या. नुसती पूड चोळली की तिचे कण पापुद्र्यांवर घासले जातात. रिठा जपून, तो बारीक केस कोरडे करतो.

न्हाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, केस झटकून पाणी काढू नका. जुना, मऊ सुती पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्या. ओला केस सहज ताणला जातो आणि तुटतोही. थोडं वाळू द्या. मग मोठ्या, विरळ दातांच्या कंगव्याने आधी टोकं सोडवा, मग मध्य, शेवटी मूळ. गुंता वरून खाली ओढला की खाली घट्ट गाठ बसते आणि ती काढताना केसच जातो. बारीक दातांची फणी रोजच्या वापराला नको.

लोकल, रिक्षा आणि रात्र

कांजूरमार्ग स्थानकावर महिलांच्या डब्यात शिरताना मोकळे केस बॅगेच्या चेनीत आणि दुसऱ्यांच्या खांद्यांवर अडकतात. दाराशी उभं राहिलं की वाऱ्याने गुंता होतो. स्थानकापासून पवईपर्यंतच्या शेअर रिक्षातही तेच. घरून निघताना सैल तिपेडी वेणी घाला आणि ती दुमडून क्लचरने वर बांधा. वेणी आवळून घालू नका. वर्षानुवर्षं ओढ बसली की कपाळाकडचे केस मागे हटतात. नुसता रबरबँड टाळा, कापडी स्क्रंची वापरा. बांधायची जागा रोज थोडी बदला. गजरा माळायचा तर हलका, आणि काटा वेणीच्या जाड भागात खोवा.

रात्री सैल वेणी घालून झोपा. स्ट्रेटनर शक्यतो नको, वापरलाच तर केस पूर्ण वाळल्यावर आणि तापमान दीडशे अंशांच्या आत. दर तीन महिन्यांनी फाटे फुटलेली टोकं सेंटिमीटरभर कापा. तेवढ्या काळात वाढ तीन सेंटिमीटर झालेली असते, म्हणजे लांबी वाढतेच आणि फाटा वर चढत नाही.

हाताळणी बदलूनही फरक नाही, तर

केस एकाएकी मुळासकट गळू लागले तर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते आठवा. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, फार झपाट्याने घटलेलं वजन यांचा परिणाम केसांवर एवढ्या उशिराने दिसतो. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया झालेल्यांचे केस दिवाळीच्या सुमारास गळताना दिसतात ते यामुळे. अशी गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते.

दुसरं मोठं कारण लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. बायोटिनची कमतरता नसेल तर त्याच्या गोळ्यांचा केसांना उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. भांगाची रेघ वर्षागणिक रुंद होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. तिथे लवकर सुरू झालेला उपचार जास्त केस वाचवतो.

बारीक केस हा दोष नाही, आणि त्यांना जाड करण्याची हमी देणाऱ्या बाटलीवर पैसे घालवू नका. त्यातले थोडे पैसे रक्ततपासणीला ठेवा आणि उरलेल्यात एक चांगला मोठ्या दातांचा कंगवा घ्या. या आठवड्यापासून विंचरण्याची सुरुवात टोकांपासून करा, आणि घरातल्या मुलींनाही तसंच शिकवा.