शेक्सपिअरचे ‘अरेतुरे’

सभेत वाद पेटला आणि एका वक्त्याने दुसऱ्याला ‘तू’ म्हटले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘एकेरी उल्लेखावरून गदारोळ’ असा मथळा हमखास दिसतो. वास्तविक एकवचन आणि अनेकवचन या व्याकरणातल्या साध्या संज्ञा. परंतु मराठीत त्यांना मानापमानाचा अर्थ चिकटलेला आहे. भांडण विकोपाला गेले की माणसे ‘एकेरीवर येतात’. सलगी वाढली की ‘अरेतुरे’ सुरू होते आणि परकेपणा दाखवायचा असला की ‘अहोजाहो’. एका सर्वनामाच्या निवडीतून नात्याचे एवढे सारे अर्थ व्यक्त होतात, याचे मराठी माणसाला नवल वाटत नाही, कारण हा हिशेब तो लहानपणापासून नकळत करीत आलेला असतो.

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमालगत वसलेल्या कुरुंदवाडसारख्या गावात तर हा हिशेब एकाच वेळी तीन भाषांत चालतो. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे जुने गाव. १८५४ मध्ये या संस्थानाच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या आणि १९४८ मध्ये दोन्ही विलीन झाल्या. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने येथील बाजारात मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जोडीला कानडीतील ‘नीनु’ आणि ‘नीवु’, तसेच दखनीतील ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ कानी पडतात. नदीपलीकडे नृसिंहवाडीला दत्तपादुकांसमोर हात जोडणारा भाविक देवाला ‘तू’ म्हणतो आणि शेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्याला मात्र ‘तुम्ही’. देवाला एकेरी आणि माणसाला आदरार्थी, यात विसंगती आहे असे कोणालाही वाटत नाही.

शेक्सपिअरच्या काळातील लंडनमध्येही नेमका हाच प्रकार होता. आजच्या इंग्रजीत लहानथोर, शत्रू-मित्र, एक-अनेक अशा सर्वांना एकच ‘यू’ आहे. म्हणूनच इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद नाही, असे आपण शाळेत शिकतो. परंतु चारशे वर्षांपूर्वी हा भेद होता आणि त्या काळची नाटके त्याने भरलेली आहेत. त्यातील एकेरी सर्वनाम होते ‘दाऊ’.

‘दाऊ’ आणि ‘तू’ यांचे नाते

‘दाऊ’ हा शब्द मराठी ‘तू’चा दूरचा भाऊच म्हणावा लागेल. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’ आणि इंग्रजी ‘दाऊ’ ही सारी एकाच प्राचीन मुळाची रूपे आहेत. ‘यू’चे नातेही संस्कृतातील बहुवचनी ‘यूयम्’शी जाते. प्राचीन इंग्रजीत हा भेद केवळ संख्येचा होता. समोर एक माणूस असेल तर एकवचन, अनेक असतील तर अनेकवचन; मग तो एक माणूस राजा का असेना.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंचमध्ये थोरामोठ्यांना अनेकवचनी संबोधण्याची रीत होती. पुढे तेराव्या शतकापासून ती इंग्रजीत रुजू लागली आणि ‘यू’ आदरार्थी झाले. मराठीत ‘तुम्ही’ हे अनेकवचन एकाच व्यक्तीला आदराने वापरले जाते, तीच ही युक्ती. शेक्सपिअरच्या हयातीत, म्हणजे १५६४ ते १६१६ या काळात, प्रतिष्ठित लोक आपसांत सर्रास ‘यू’ म्हणत. ‘दाऊ’ उरला होता तो नोकरांसाठी, मुलांसाठी, प्रिय व्यक्तीसाठी, देवासाठी आणि अपमानासाठी. क्रियापदही त्याप्रमाणे बदलत असे. मराठीत ‘तू आहेस’ आणि ‘तुम्ही आहात’ अशी रूपे होतात, तशीच तेथे ‘दाऊ’बरोबर ‘आर्ट’ आणि ‘यू’बरोबर ‘आर’ येत असे.

मराठीपेक्षा एक बाब मात्र वेगळी होती. आपल्याकडे एखाद्याला एकदा ‘तुम्ही’ म्हटले की सहसा तेच चालू राहते. एलिझाबेथकालीन इंग्रजीत एकाच संभाषणात, क्वचित एकाच वाक्यातसुद्धा, बोलणारा एका सर्वनामावरून दुसऱ्यावर जाऊ शकत असे. प्रत्येक बदलाला अर्थ असतोच असे नाही. परंतु जेथे असतो तेथे पात्राच्या मनातील हालचाल त्या एका शब्दातून कळते.

मायलेकांतील दोन वाक्ये

‘हॅम्लेट’मधील राणीच्या महालातील प्रसंग पाहावा. मुलाच्या वागण्याने त्रस्त झालेली राणी गर्ट्रूड त्याला बोलावून घेते आणि वडिलांना दुखावल्याबद्दल त्याची कानउघाडणी करते. आई मुलाशी बोलते त्या रीतीने ती ‘दाऊ’ वापरते. तिच्या लेखी ‘वडील’ म्हणजे तिचा नवा पती. हॅम्लेट जवळजवळ तेच वाक्य तिच्यावर उलटवतो. त्याच्या लेखी ‘वडील’ म्हणजे खून झालेला जुना राजा. मात्र त्याच्या वाक्यात ‘यू’ आहे. वरवर पाहता मुलाने आईला आदरार्थी संबोधले, यात वावगे काही नाही. परंतु त्या आदरात थंडपणा आहे. राणीला तो बोचतो आणि पुढच्याच वाक्यात तीही मुलाला ‘यू’ म्हणू लागते. दोघांमधील अंतर किती वाढले, हे कळायला अधिक संवादांची गरज उरत नाही. घरात रागावलेली आई लाडक्या मुलाला एकाएकी ‘तुम्ही’ म्हणू लागली, तर मुलाच्या काळजात जसे चर्र होते, तसाच हा प्रकार.

राजा, सरदार आणि कन्या

‘किंग लिअर’मध्ये या सर्वनामांचे काम सर्वांत स्पष्ट दिसते. पहिल्याच प्रवेशात म्हातारा राजा तीन मुलींत राज्य वाटायला बसतो. गोड बोलणाऱ्या दोघींना तो ‘दाऊ’ म्हणतो. धाकट्या, लाडक्या कॉर्डेलियाकडे वळताना तो ‘यू’ वापरतो. परंतु तिचे सरळ उत्तर ऐकून तो भडकतो आणि ‘दाऊ’वर येतो. आधीच्या दोन मुलींसाठीचा ‘दाऊ’ आणि या मुलीसाठीचा ‘दाऊ’ यांत शब्दाचा फरक नाही, पण अर्थाचा आहे. एक बापाच्या मायेचा, दुसरा राजाच्या संतापाचा.

त्यानंतर इमानी सरदार केंट मध्ये पडतो. राजाला आवरण्यासाठी तो भर दरबारात त्याला ‘म्हातारा’ म्हणतो आणि तेही एकेरीत. आजच्या वाचकाला त्यात फक्त उद्धटपणा दिसेल. त्या काळच्या प्रेक्षकांच्या अंगावर मात्र काटा आला असेल. सरदाराने राजाला ‘अरेतुरे’ करणे म्हणजे जीवावर उदार होणेच. केंटला तात्काळ हद्दपारी मिळते.

नाटकाच्या शेवटाकडे कॉर्डेलिया वेड्या झालेल्या, झोपलेल्या बापाजवळ येते. तो झोपेत असताना ती त्याला एकेरीत संबोधते. वादळात त्याने काय काय सोसले असेल, हे ‘तू’ म्हणूनच बोलते. तो डोळे उघडतो आणि तत्क्षणी ती ‘यू’वर जाते, महाराज म्हणून त्याची विचारपूस करते. इकडे लिअरही बदललेला आहे. पहिल्या प्रवेशात जिला त्याने संतापाने एकेरीत झिडकारले, तिच्याशी तो आता क्षमा मागताना ‘यू’ने बोलतो. बाप मुलीपुढे नमला, हे सांगायला एक सर्वनाम पुरे झाले आहे.

शिवी आणि प्रीती

‘दाऊ’ हे अपमानाचे हत्यार होते, याचा दाखला ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या सुखात्मिकेत मिळतो. भित्रा सर अँड्र्यू द्वंद्वाचे आव्हानपत्र लिहायला निघतो, तेव्हा सर टोबी त्याला सल्ला देतो की, पत्रात तीनेक वेळा ‘दाऊ’ घातलेस तरी बिघडणार नाही. तेथे ‘दाऊ’ चक्क क्रियापद म्हणून आला आहे. मराठीत ‘अरेतुरे करणे’ म्हणतात, तेच हे. रंगभूमीबाहेरही हे घडत होते. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यात सरकारची बाजू मांडणारे एडवर्ड कोक यांनी आरोपीला भर न्यायालयात मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवल्याची नोंद आहे. रॅली हे राणी एलिझाबेथच्या मर्जीतील सरदार होते. त्यांना एकेरीत संबोधणे ही शिक्षेआधीची शिक्षाच होती.

हाच शब्द प्रेमातही येतो. ‘मच अडू अबाउट नथिंग’मधील बेनेडिक आणि बिअट्रिस नाटकभर एकमेकांना टोमणे मारतात, ते ‘यू’ म्हणून. प्रेमाची कबुली देताच बेनेडिक ‘दाऊ’वर येतो. बिअट्रिस मात्र प्रेम मान्य करूनही ‘यू’ सोडत नाही. तिच्या मनात चुलतबहिणीवरील अन्यायाची आग धुमसत आहे. बेनेडिक त्यासाठी काय करतो, हे तिला पाहायचे आहे.

मराठी भाषांतरकारांपुढील पेच

कुरुंदवाडच्या परिसराला नाटक नवे नाही. जवळच्या सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. सांगलीलगतच्या हरिपुरात १८५५ मध्ये जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले. त्याआधी १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’चे, तर १८८३ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’चे मराठीकरण केले होते.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ जिवंत असलेल्या भाषेत शेक्सपिअर आणणे सोपे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ते अधिक अवघड. एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा मराठी घरात पतीने पत्नीला ‘तू’ आणि पत्नीने पतीला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणायचे, हे ठरलेले होते. डेस्डिमोना पतीशी बहुतेक ‘यू’नेच बोलते, तेव्हा तिचा प्रश्न सुटतो. परंतु ऑथेल्लो ‘यू’ आणि ‘दाऊ’ यांमध्ये हेलकावे खातो. मराठी पती मुळातच ‘तू’ म्हणत असेल, तर त्याचा राग सर्वनामातून दाखवायला खाली पायरीच उरत नाही. मग भाषांतरकाराला संबोधन, क्रियापदाचा कडकपणा किंवा उपरोधिक आदर यांचा आधार घ्यावा लागतो. मराठीकडे ‘अगं’, ‘अहो’, ‘बाईसाहेब’ असा मोठा साठा आहे, हे सुदैव. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० मधील ‘नटसम्राट’मध्ये लिअरची छाया असलेले गणपतराव बेलवलकर पत्नीला ‘सरकार’ म्हणतात. त्या एका हाकेत माया, थट्टा आणि आदर एकत्र नांदतात; सर्वनामाचे काम संबोधनाने केले आहे.

‘दाऊ’ का गेला?

सतराव्या शतकात लंडन वाढत गेले. अनोळखी माणसांची गाठ रोज पडू लागली आणि समोरच्याची पायरी कपड्यांवरून कळेनाशी झाली. चुकून ‘दाऊ’ म्हटले तर भांडण ओढवायचे; ‘यू’ म्हणण्यात धोका नव्हता. सावधगिरीच्या या सवयीने प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ हळूहळू हद्दपार झाला. उत्तर इंग्लंडच्या काही बोलींत तो टिकला. जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथीयांनी तर उलटी वाट धरली. देवापुढे सारे समान, मग श्रीमंतालाच अनेकवचन कशासाठी, असे म्हणून ते न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणत आणि त्यापायी मार खात.

१६११ च्या बायबलच्या भाषांतरात ‘दाऊ’ कायम राहिला. बोलण्यातून गेलेला हा शब्द लोकांना फक्त प्रार्थनेत ऐकू येऊ लागला. त्यामुळे आजच्या इंग्रजी वाचकाला ‘दाऊ’ भारदस्त, पवित्र आणि आदरार्थी वाटतो. मूळ अर्थाच्या अगदी उलट! केंटचा उद्धटपणा त्याला राजभाषा वाटतो आणि कॉर्डेलियाची जवळीक अलंकारिक. त्याला हा फरक टीपा वाचून समजून घ्यावा लागतो. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तो सांगावा लागत नाही.

आपल्या ‘तू’चे काय?

मात्र मराठी ‘तू’चा इतिहास केवळ मायेचा नाही. गावगाड्यात पाटलाच्या पोरसवदा मुलाने वृद्ध दलिताला किंवा बलुतेदाराला ‘अरे’ म्हणून हाक मारावी आणि त्या वृद्धाने त्या पोराला ‘जी’ म्हणावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेथे ‘तू’ हा सलगीचा नव्हता, जागा दाखविणारा होता. आज शहरांतील अनेक घरांत पत्नी पतीला आणि मुले वडिलांना ‘तू’ म्हणतात. दुसरीकडे घरकामाला येणाऱ्या वयस्क बाईला ‘तुम्ही’ म्हणावे, याचे भान वाढते आहे. एका ठिकाणी ‘तू’ पसरतो आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘तुम्ही’. दोन्हींची दिशा बरोबरीकडेच आहे. तरीही रिक्षावाल्याला, हॉटेलातील पोऱ्याला, पहारेकऱ्याला पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणणारे तोंड आजही थबकत नाही.

इंग्रजीने हा प्रश्न एक शब्द टाकून देऊन सोडवला. मात्र त्याबरोबर झोपलेल्या बापाशी बोलणाऱ्या मुलीचा ‘तू’ही गेला. मराठीकडे दोन्ही शब्द आहेत. मायेचा ‘तू’ राखावा आणि हिणवण्याचा सोडून द्यावा, एवढेच काम तिच्या बोलणाऱ्यांपुढे आहे. आणि त्यासाठी कोणताही शब्द हद्दपार करावा लागत नाही.