चाँद दिसत नाही, तरी खाडीला भरती येते: डार्क मॅटर म्हणजे नेमके काय?

रमजानच्या २९ तारखेला आपण सगळे गच्चीवर जातो. नेरुळ असो की तळोजा, पुष्कळदा चाँद काही दिसत नाही. पण त्याच दिवशी दुपारी लोकलने वाशीचा पूल ओलांडला असेल, तर खाडी काठोकाठ भरलेली पाहिली असेल. अमावस्येच्या आसपास चाँद डोळ्यांना दिसत नाही, पण समुद्राला ओढायचे काम तो सोडत नाही.

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा आहे. तो शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो. यंदा एका मुलीने विचारले, "सर, चाँद तर दोन दिवसांनी दिसतोच. पण ओढणारी वस्तू कधीच दिसली नाही तर?" तिला ठाऊक नव्हते, पण हाच प्रश्न जगभरचे शास्त्रज्ञ नव्वद वर्षे विचारत आहेत.

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी आकाशगंगांचा एक समूह तपासला. त्या इतक्या वेगाने फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर तो समूह टिकणे शक्यच नव्हते. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी एकेका आकाशगंगेत तेच पाहिले. आपल्या सूर्यमालेत लांबचा ग्रह हळू फिरतो. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, नेपच्यून फक्त साडेपाच. आकाशगंगेच्या कडेचे तारेही असेच हळू हवेत ना? पण ते हळू होतच नाहीत. म्हणजे तिथे न दिसणारे काहीतरी वजन आहे, आणि हिशोबाने ते साध्या पदार्थाच्या पाचपटीहून जास्त येते. यालाच डार्क मॅटर म्हणतात. नाव जरा फसवे आहे. ते काळे नाही, आरपार आहे. प्रकाश अडवतही नाही, देतही नाही.

इथे एक शंका रास्त आहे. वजन कमी पडते, की आपला नियमच चुकतो? इतिहासात दोन्ही झाले आहे. युरेनसची चाल बिघडलेली दिसली तेव्हा गणितावरून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची चाल बिघडली तेव्हाही लोकांनी एक लपलेला ग्रह कल्पिला, पण तो नव्हताच. तिथे न्यूटनचा नियम अपुरा होता, आइन्स्टाइनने तो सुधारला. आजही काही शास्त्रज्ञ नियम बदला म्हणतात. मात्र बहुतेकांचा कल पदार्थाकडे आहे, कारण पुरावे अनेक बाजूंनी येतात.

मग तो पदार्थ कुठला? अनेक वर्षे अंदाज होता की जड, पण जवळपास कशाशीच न टकरणारे कण असावेत. ते पकडायला खाणीत उतरावे लागते, कारण वर अवकाशातून येणाऱ्या किरणांचा गोंगाट असतो. हे काम आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपान आणि इंग्लंडच्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपले होते. आज अमेरिकेत जमिनीखाली दीड किलोमीटरवर टनांनी द्रवरूप झेनॉन भरून वाट पाहिली जाते. झारखंडात जादुगुडाच्या खाणीतही प्रयोगशाळा आहे. अजून कण सापडलेला नाही.

मग काहींनी विचारले, कण नसून विश्वाच्या सुरुवातीची छोटी कृष्णविवरे असतील का? २०१४ मध्ये जपानच्या सुबारू दुर्बिणीने एका रात्रीत सात तास शेजारच्या देवयानी आकाशगंगेतले कोट्यवधी तारे पाहिले. चंद्राच्या आसपास वजनाची अशी विवरे भरपूर असती, तर ती ताऱ्यांसमोरून जाताना सुमारे हजार तारे क्षणभर उजळले असते. संशयित सापडला एक. त्या गटातले सुऱ्हुद मोरे आणि अनुप्रीता मोरे आज पुण्याच्या आयुकात आहेत. त्याहून फार हलक्या विवरांचा हिशोब २०२० मध्ये टीआयएफआरचे बासुदेव दासगुप्ता, अनुपम रे आणि त्यांचे सहकारी रंजन लाहा यांनी मांडला. अशी फिरती विवरे कण बाहेर टाकतील. सगळे डार्क मॅटर त्यांचेच असते तर तेवढे न्यूट्रिनो आणि पॉझिट्रॉन दिसायला हवे होते. ते दिसत नाहीत, म्हणून वजनांचा तो पट्टा बाद.

मुले म्हणतात, "म्हणजे काहीच मिळाले नाही!" हरवलेली चावी शोधताना तीन खोल्या पाहून झाल्या, तर शोध चौथ्या खोलीवर येतो, एवढे मिळाले. त्यामुळे 'डार्क मॅटर सापडले' असा व्हॉट्सअप फॉरवर्ड आला की आम्ही आधी विचारतो, दुसऱ्या गटाला तेच दिसले का?

त्या मुलीच्या अब्बांनी आम्हाला विचारले, यात पोट भरते का? खरे सांगितले. जागा थोड्या, वाट लांब. पण पीएचडीसाठी राष्ट्रीय पातळीवर निवड झाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते, आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा बीएस्सीनंतरही देता येते. शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान ऑलिंपियाड आहे. त्याची राष्ट्रीय शिबिरे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात, म्हणजे पूल ओलांडला की वाशीच्या पुढचेच स्टेशन. ती यंदा फॉर्म भरणार आहे.