क्षेत्रभेट : मेट्रो स्थानक पाहूया, तपासूया!



क्षेत्रभेट म्हटलं की आपल्याला किल्ला, पोस्ट ऑफिस, बँक आठवते. आज आपण जमिनीखालचं मेट्रो स्थानक पाहायला जाऊ. नुसतं पाहायचं नाही बरं का, त्याला गुणही द्यायचे! स्थानक आहे पुण्याचं जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक.

आधी थोडी माहिती. पुण्यात मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती या स्थानकापर्यंत आली. इथे दोन मार्गिका भेटतात. वनाज ते रामवाडी ही ॲक्वा मार्गिका वरून, पुलावरून जाते. पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटला जाणारी पर्पल मार्गिका मात्र जमिनीखालून जाते. तिचा फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे. इतक्या खाली असूनही वरच्या छतातून सूर्यप्रकाश आत पोहोचतो, तो नक्की पाहा. एवढं खोल कशाला, असं तुम्ही विचाराल. नकाशा उघडा. इथून पुढे बोगदा मुठा नदीच्या पात्राखालून आणि मग जुन्या पेठांखालून जातो!

आता एक गणित. एक पायरी १५ सेंमी उंच धरली, तर ३३ मीटर चढायला किती पायऱ्या? ३३०० ÷ १५ = २२०. तुम्ही पळत चढाल हो, पण तुमची आजी?

मागे आम्ही मुलांना घेऊन एका स्थानकात गेलो होतो. एका मुलाने सरकत्या जिन्याला लगेच १० पैकी १० गुण दिले. तेवढ्यात त्याला दिसलं, एक आजी जिन्यापाशी पाय पुढे करायच्या, परत मागे घ्यायच्या. तो त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आला आणि म्हणाला, "बाई, हे गुण माझ्यापुरते झाले. आजींसाठी किती देऊ?"

मुलांनो, तपासणीची किल्ली या प्रश्नातच आहे. स्थानक चांगलं की नाही हे ज्याला सगळ्यात जास्त अडचण येते, त्याच्या बाजूने पाहून ठरवायचं. ही काही दया नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा आणि वाहतूक सर्वांना वापरता यायला हवी. तो हक्क आहे.

तर वहीत हे पाच तक्ते आखा. प्रत्येकाला १० गुण.

१. उतार : व्हीलचेअरसाठीच्या उताराचं प्रमाण साधारण १:१२ असावं लागतं. म्हणजे १० सेंमी चढायला निदान १२० सेंमी लांबी हवी. टेपने मोजा.

२. लिफ्ट : रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने किती मिनिटं लागतात? सरकत्या जिन्याने किती? घड्याळ लावून दोन्ही वेळा लिहा. लिफ्टची बटणं व्हीलचेअरवर बसून हाताला येतील का? त्यांवर ब्रेल आहे का?

३. उंचवट्याच्या फरशा : जमिनीवर खडबडीत फरशा दिसतील. लांब रेघा म्हणजे 'पुढे चला', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, सावध!' दृष्टिहीनांना पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून जपानच्या सेइइची मियाके यांनी या फरशा शोधल्या. १९६७ मध्ये त्या ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. ही वाट मध्ये कुठे तुटते का? तिच्यावर कुणी फलक वा सामान ठेवलंय का?

४. पाट्या आणि घोषणा : ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रावरून लिफ्ट सापडेल का? ज्याला ऐकू येत नाही त्याला पुढचं स्थानक पडद्यावर दिसेल का?

५. संकटाची वेळ : जमिनीखाली खिडक्या नसतात. म्हणून यंत्रांनी हवा खेळती ठेवावी लागते. बाहेर पडायच्या वाटेच्या चमकत्या पाट्या किती ठिकाणी आहेत ते मोजा. आग लागल्यास लिफ्ट वापरायची नसते. मग व्हीलचेअरवरची व्यक्ती वर कशी येईल? कर्मचारी काका-ताईंना नम्रपणे विचारा.

काळजीही घ्या. स्थानक नियंत्रकांची परवानगी आधी घ्यावी. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागेच उभं राहा. डोळे बांधून चालायचा खेळ फलाटावर अजिबात नको!

परत आल्यावर बेरीज करा. कमी गुण पडले तर नुसती नावं ठेवू नका. काय मोजलं, किती भरलं, काय बदलावं हे लिहून स्थानक प्रमुखांना पत्र पाठवा. "लिफ्ट लांब आहे" यापेक्षा "प्रवेशद्वारापासून लिफ्ट माझ्या ९० पावलांवर आहे" हे वाक्य जास्त कामाचं. मोजलेली गोष्ट सहसा कुणाला नाकारता येत नाही.

स्वाध्याय : तुमच्या गावात मेट्रो नसेल तरी बिघडत नाही. हेच पाच तक्ते घेऊन एसटी स्टँड किंवा आपली शाळा तपासा. सुरुवात शाळेच्या पहिल्या पायरीपासून करा.