गड चढायलाही शिष्यवृत्ती हवी
अजिंक्यताऱ्यावर जायला पैसे लागत नाहीत, पण उन्हाळी गिर्यारोहण शिबिराची फी, बूट, सॅक हा खर्च सातारा-सांगलीकडच्या शेतमजुराच्या पोराला कुठला झेपायला! गिर्यारोहण क्लबांनी काही जागा शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवाव्यात आणि पैसा लोकांतूनच उभा करावा. या मातीत हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेलं वसतिगृह लोकवर्गणीवर आणि मुलांच्या कष्टावर तगलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. ‘आधी पुस्तकं द्या, गड कसले?’ हा आक्षेप ऐकायला रास्त, पण कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत अंगमेहनत शिक्षणाचाच भाग होती. उन्हाचं म्हणाल, तर कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ च्या उन्हाळ्यात श्रमदान करून जलसंधारणाच्या स्पर्धेचा पहिला वॉटर कप जिंकला. भरदुपारी चढाई मात्र नकोच. आणि जमाखर्च चावडीवर लावा, वर्गणी मागायला तोंड राहतं.