‘फेलिसिटेट’ : एका समारंभी क्रियापदाचा प्रवास

विद्यालयाच्या कोणत्याही समारंभाची द्विभाषिक निमंत्रणपत्रिका हाती घेतली, तर मराठी बाजूस ‘सत्कार’ आणि इंग्रजी बाजूस ‘फेलिसिटेशन’ हे दोन शब्द समोरासमोर उभे असलेले दिसतात. दहावीतील गुणवंत, निवृत्त होणारे गुरुजन, वसतिगृहास धान्य देणारे दाते, सर्वांसाठी तेच क्रियापद. प्रस्तुत स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभाच्या पत्रिकेचा मसुदा पाहून, सध्या इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मला फोनवर विचारले, “सर, इथे हा शब्द कोणी वापरत नाही. मला शाळेत फेलिसिटेट केलं होतं असं सांगितलं, तर सहकाऱ्यांना वाटलं, कोणीतरी मला अभिनंदनाचं पत्र पाठवलं असेल. आपण इतकी वर्षं चुकीचं इंग्रजी छापत आलो का?” फोनवर दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘फेलिक्स’ या विशेषणात आहे. त्याचा जुना अर्थ ‘फळणारा, सुपीक’ असा होता. रोमन लोक फळ देणाऱ्या वृक्षास ‘आर्बोर फेलिक्स’ म्हणत. भाषाशास्त्रज्ञ त्याच्याही मागे जाऊन ‘दूध पाजणे’ या अर्थाच्या एका आदिम धातूपर्यंत पोहोचतात. त्याच धातूपासून लॅटिनमध्ये स्त्रीवाचक ‘फेमिना’ आणि पुत्रवाचक ‘फिलिअस’ हे शब्द निघाले, तर आपल्याकडे संस्कृतात ‘धयति’ हे क्रियापद आणि ‘धेनू’ हे नाम. म्हणजे पत्रिकेवरील परका वाटणारा हा शब्द आपल्या गोठ्यातील धेनूचा दूरचा नातलग आहे!

जे फळते ते भाग्यवान, आणि भाग्यवान तो सुखी, या क्रमाने अर्थ सरकत गेला. सुल्ला या रोमन सेनापतीने स्वतःच्या नावापुढे ‘फेलिक्स’ ही उपाधी लावून घेतली. ‘फेलिसितास’ ही सुबत्तेची देवता नाण्यांवर झळकू लागली. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘सुखी करणे’ या अर्थाचे क्रियापद घडले. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत त्याला ‘अभिनंदन करणे’ हा अर्थ आला व तो तेथे आजही रोजच्या वापरात आहे. स्पेनमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा देतानाही हेच क्रियापद योजतात.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात रुळला, आणि त्याचे एक आरंभीचे स्थळ मोठे सूचक आहे. शेक्सपिअरच्या १६०८ साली छापलेल्या ‘किंग लिअर’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात वृद्ध राजा भर दरबारात मुलींना त्यांचे प्रेम जाहीर करावयास सांगतो. जिचे शब्द मोठे, तिला राज्याचा वाटा मोठा. दुसरी मुलगी रीगन, केवळ आपल्या प्रेमानेच मी सुखी झाले आहे, अशा आशयाचे बोलते आणि तेथे ‘सुखी झालेली’ या अर्थाने हा शब्द विशेषणासारखा येतो. पुढे हीच मुलगी बापावर दार बंद करते. भरसभेतील स्तुती आणि मनातील भाव यांच्यातील अंतर दाखवणाऱ्या प्रसंगी हा शब्द यावा, हे आपल्याकडील काही सत्कार समारंभ पाहिलेल्या कोणासही आश्चर्याचे वाटणार नाही.

कालांतराने इंग्रजीतील ‘सुखी करणे’ हा अर्थ मागे पडला व ‘अभिनंदन करणे’ एवढाच राहिला. त्या कामासाठी ‘कॉन्ग्रॅच्युलेट’ हा शब्द अधिक प्रचलित असल्याने ‘फेलिसिटेट’ हळूहळू अवजड आणि विरळ होत गेला. आपल्या विद्यार्थ्याच्या सहकाऱ्यांना पत्राची आठवण झाली ती यामुळेच.

भारतात मात्र त्याला नवा जन्म मिळाला. याचे कारण आपल्या भाषांच्या घडणीत आहे, असे मला वाटते. मराठीत ‘अभिनंदन’ ही बोलण्याची क्रिया आहे, ते फोनवरून किंवा रस्त्यात भेटूनही करता येते. ‘सत्कार’ ही करण्याची क्रिया आहे. तिला मंच लागतो, सभा लागते, सत्कारमूर्ती लागते, शाल आणि पुष्पगुच्छ लागतो, आणि ज्यांच्या हस्ते ती घडावयाची ते पाहुणे लागतात. (मुळशीच्या पावसात शाल निदान उपयोगी तरी पडते.) इंग्रजीत ‘ऑनर’ हे क्रियापद होते, पण ते फार व्यापक. ‘कॉन्ग्रॅच्युलेट’ केवळ तोंडी. तेव्हा जवळजवळ रिकामा पडलेला ‘फेलिसिटेट’ आपण घेतला आणि त्यात आपला सत्कार भरला. ‘यांचा सत्कार करण्यात आला’ ही आपल्या वृत्तपत्रांची कर्मणी वाक्यरचनाही त्यात जशीच्या तशी बसली. एका भाषेतील संकल्पनेने दुसऱ्या भाषेतील ओस पडलेल्या घरात बिऱ्हाड थाटणे याला मी चूक म्हणणार नाही.

चूक म्हणावयाची तर ती वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘यांच्या हस्ते’ याचे ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ’ असे शब्दशः भाषांतर आपण पत्रिकेत करतो. इंग्रजीत हा प्रयोग बहुधा मारहाण, छळ किंवा पराभव सोसणाऱ्याबाबत होतो. प्रमुख पाहुण्यांच्या हातून आपल्या गुरुजींचे नेमके काय झाले, असा प्रश्न तेथील वाचकास पडला तर तो दोष त्याचा नव्हे.

पुण्याच्या विद्वत्परंपरेत मात्र या शब्दाआधी दुसरे शब्द होते. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ऐंशीव्या वाढदिवशी, १९१७ साली, जो लेखसंग्रह अर्पण झाला त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘स्मरणार्थ निबंध’ अशा अर्थाची शब्दयोजना होती. १९४१ साली पां. वा. काणे यांना दिलेल्या ग्रंथाचे शीर्षकही ‘अर्पण केलेला अभ्यासलेखांचा खंड’ एवढेच सांगते. ‘फेलिसिटेशन व्हॉल्यूम’ हा आज सर्वत्र दिसणारा शब्दप्रयोग म्हणजे आपला ‘गौरवग्रंथ’. हिंदीत त्यालाच ‘अभिनंदन ग्रंथ’ म्हणतात. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९३३ मध्ये महावीरप्रसाद द्विवेदींना असा ग्रंथ अर्पण केला होता.

आता ‘सत्कार’ या शब्दाकडे वळू, कारण आपल्या वाचकांच्या दृष्टीने खरा जिव्हाळ्याचा भाग तोच आहे. ‘सत्’ आणि ‘कार’ मिळून ‘चांगले करणे’. ‘आदरसत्कार’ या जोडशब्दात त्याचा पाहुणचाराचा जुना अर्थ अजून टिकून आहे. बंगालीत मात्र ‘सत्कार’ म्हणजे प्रेताचे अंत्यविधी. कोलकात्यात सत्कार समितीचा फलक दिसला तर हारतुरे घेऊन जाऊ नये. पालीत हाच शब्द ‘सक्कार’ असा येतो, आणि तेथे त्याला दोन तोंडे आहेत.

एक तोंड धोक्याचे. संयुत्त निकायात ‘लाभसक्कार संयुत्त’ नावाचा त्रेचाळीस सुत्तांचा एक स्वतंत्र विभागच आहे. लाभ, सत्कार आणि कीर्ती यांस तथागतांनी तेथे आमिष लावलेल्या गळाची उपमा दिली आहे: मासा आमिष पाहतो, गळ पाहत नाही. देवदत्त संघ सोडून गेल्यावर गिज्झकूट पर्वतावर दिलेला दृष्टान्त तर आपल्या परसातला आहे. केळीला घड लागतो आणि तोच तिचा अंत ठरतो. तसा देवदत्ताला सत्कार लागला. ‘फेलिक्स’ म्हणजे फळणारा, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरे तोंड आदराचे. महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी वज्जींची हानी होणार नाही अशी जी सात कारणे सांगितली आहेत, त्यांत ते आपल्या वडीलधाऱ्यांचा सत्कार करतात, हे एक आहे. तेथे सत्काराला लागूनच आणखी एक गोष्ट येते: त्यांचे म्हणणे ऐकण्यायोग्य मानतात. आपण येथेच कमी पडतो. ज्येष्ठांना शाल घालतो, छायाचित्र काढतो, आणि वेळेअभावी मनोगत रद्द करतो. त्याच सुत्ताच्या उत्तरार्धात, सालवृक्षांची अकाली फुले अंगावर झरत असताना, तथागत आनंदांना सांगतात की फुलांनी होणारा सत्कार हा खरा सत्कार नव्हे. जो धम्मानुसार वागतो, तोच तथागतांचा सत्कार करतो.

या दोन्ही तोंडांचा एकत्र विचार करावयाचा, तर मुंबईतील एक छोटी सभा डोळ्यांसमोर आणावी. ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या आणि १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती स्वतः सांगितली आहे. ते चौथी इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा वस्तीतील लोकांना जाहीर सभा भरवून आनंद साजरा करावासा वाटला. (चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेनंतरचा मानतात.) रामजी सुभेदारांनी साफ नकार दिला. याने पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा पास होण्यापलीकडे त्याने केले तरी काय, असा त्यांचा प्रश्न होता. लोक निराश झाले, पण मागे हटले नाहीत. त्यांनी सुभेदारांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना मध्यस्थी करावयास सांगितले आणि थोड्या वादानंतर वडील राजी झाले. सभेत केळुसकर गुरुजींनी त्या मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र ठेवले. ते पुस्तक वाचून आपण भारावून गेलो आणि आपली वाटचाल कोठे वळली, हे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत नमूद केले आहे.

सुभेदारांची शंका लाभसक्काराचीच होती, आणि ती रास्त होती. वस्तीच्या लोकांचा आग्रहही रास्त होता. ज्या समाजातून कोणी तेथवर पोहोचलेच नव्हते, त्याला आपल्या मुलाकडे डोळे भरून पाहावयाचे होते. दोहोंची सांगड घातली ती भेट निवडणाऱ्याने. लॅटिनमधील मूळ अर्थाने, म्हणजे फळास येणे या अर्थाने, ‘फेलिसिटेट’ झालेला याहून मोठा विद्यार्थी मला ठाऊक नाही.

पत्रिकेचे म्हणाल, तर ‘फेलिसिटेट’ हा शब्द आम्ही तसाच ठेवला आहे. ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ’ मात्र काढून टाकले. शालींसाठी राखून ठेवलेली रक्कम ग्रंथांकडे वळवावी आणि प्रत्येक सत्कारमूर्तीस बोलण्यासाठी दहा मिनिटे द्यावीत, अशा दोन सूचना मी समितीपुढे मांडल्या आहेत. पहिली मान्य झाली. दुसरीवर चर्चा चालू आहे.