दिवसपाळीच्या पाली

पहाटे ५.४०
विडी घरकुल, सोलापूर. अण्णा उठलेत. अण्णांची आई सुपात तेंदूची पानं घेऊन बसलीय. हजार विड्यांवर मजुरी. अण्णांची पाळी दुपारी तीनची, टॉवेलच्या मागावर. आठवड्याला हातात चार हजारांच्या आतबाहेर. तोवरचा वेळ पाली-सरड्यांचा. पिशवीत दोनशे पानी वही, पेन्सिल, पाण्याच्या दोन बाटल्या, कापडाचे धागे मोजायचं भिंग आणि तापमान मोजायची बंदूक. ती आठशेची, दिवाळीच्या बोनसातली.

सकाळी ६.३०
गाडीत शंभरचं पेट्रोल. आम्ही दोघांनी बार्शी रस्ता धरला.

सकाळी ७.१५
नान्नजच्या अलीकडचा माळ. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. परवानगीशिवाय आत पाऊल नाही, म्हणून आम्ही रस्त्याकडेच्या माळावर. मे महिना. कुसळं पायजम्यात घुसतात. अण्णा चपटा दगड पलीकडच्या कडेला धरून आपल्याकडे कलंडवतात. खाली साप-विंचू असला तर तो पलीकडे निघून जातो. आज खाली पालीची दोन पांढरी अंडी, वाटाण्याएवढी. फोटो एकच. दगड होता तसाच, त्याच जागी परत.
"अंडं फिरवलं तर आतलं पिल्लू मरू शकतं," अण्णा म्हणतात. "दगड हलवणं म्हणजे कुणाच्या घराचं छप्पर उचलणं."

सकाळी ९.१०
दगडाचा माथा ४१ अंश, खालची माती ३३. वहीत नोंद. समोरच्या ढेकळावर नर सरडा चढतो. पुढचे पाय ताणतो आणि गळ्याखालची घडी सर्रकन पंख्यासारखी उघडतो. मिटतो. पुन्हा उघडतो. अण्णा ओठ हलवत मोजतात: मिनिटात किती वेळा. व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या पंख्यासारख्या गळ्याच्या सरड्यांची नव्याने मांडणी केली. त्यातल्या एका गटाचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलं, आपल्या मराठीतलं. हे सांगताना अण्णांचा चेहरा उजळतो.

सकाळी १०.३०
दगड ५० अंशांवर. सरडा बोराटीच्या सावलीत गेला. आम्हीही निघालो.

दुपारी १.००
बसस्टँडजवळचं हॉटेल. दर गुरुवारी इथे चौघं-पाचजण जमतात: एक प्राध्यापक, दोन सर्पमित्र, अण्णा. चहा दहा रुपये, ज्याचा त्यानं द्यायचा. अण्णा गेल्या पावसाळ्यातला कास पठारावरचा फोटो दाखवतात. ओल्या खडकावर बोटाएवढी पाल, भर दिवसा. गटाचं नाव निमास्पिस. डोळ्याची बाहुली गोल. घरातल्या पालीसारखी उभी फट नाही. बोटांखाली रुंद गाद्या नाहीत, नुसत्या बारीक नख्या. या गटातली कोल्हापूरच्या नावाची जात २००९ मध्ये नोंदली गेली. कासच्या बाजूची २०१४ मध्ये, वरद गिरींच्या नावाची.
"ही दिवसपाळीची," अण्णा सांगतात. "आपल्या भिंतीवरची रात्रपाळीची."
प्राध्यापकांबरोबर आलेला एक मुलगा मोबाईलवर हिरवीगार पाल दाखवतो. विकत मिळेल का?
"ही फेल्सुमा. बहुतेक जाती मादागास्करकडच्या. आपल्या अंदमानातही एक आहे. फुलातला मध चाटते. तिला दमट हवा लागते, अतिनील दिवा लागतो. आपल्याकडे मेमध्ये ४३-४४. लाईट गेली की काय करशील? परदेशी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते. अन् अंदमानची तर धरायचीच नाही बे."
मुलगा गप्प. अण्णा त्याच्यासमोर वही सरकवतात.
"तुझ्या घरात किती पाली आहेत? आधी त्या मोज. पुढच्या गुरुवारी आण."

दुपारी ३.००
माग सुरू. खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. अण्णांकडे चार माग. ताण्याची एक तार तुटली तरी त्यांची नजर तिथेच जाते. बोटं टोक शोधतात, गाठ मारतात, माग पुन्हा चालू. हजारो तारांत तुटलेली एक दिसणारा माणूस मातीच्या रंगाचा सरडा मातीत शोधतो, याचं मला आता नवल वाटत नाही.

रात्री ८.००
वीस मिनिटं सुट्टी. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. अंगावर कापसाची पांढरी लव.

रात्री ११.२०
घरी. दुकानाच्या शटरमध्ये चिरडलेली एक पाल शेजाऱ्यानं कागदात ठेवलीय. अण्णा तिच्या मागच्या पायावर भिंग टेकवतात. सकाळी माळावर नेलेलं, तेच टॉवेलचे धागे मोजायचं. चौथ्या बोटाखाली आडव्या पट्ट्या दिसतात, मधोमध दुभंगलेल्या, दोन ओळींत. सुईच्या टोकानं एकेक मोजतात. दोनदा. दोन्ही वेळा आकडा जुळला तरच वहीत.

रात्री ११.५०
आई झोपेतून म्हणते, ट्यूब बंद कर. ट्यूबखाली भिंतीवर पाल दबा धरून बसलीय. तिच्यापासून वीतभर अंतरावर पाखरू.
"पाच मिनिटं, आई," अण्णा म्हणतात. "तिची पाळी आत्ताच लागलीय."